अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या जॉबची बर काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या छोट्या मिलिंग मशीनवर ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचे चाळीस ब्रॅकेट केले आहेत, प्रत्येक साधारण ३५ मिमी लांब. प्रत्येकात चार आरपार होल, एम४ (४ मिमी स्क्रूच्या) आट्यांची दोन होल आणि त्यांतल्या एका आरपार होलला छेदून जाणारं एक आडवं होल. कानशीने बर, म्हणजे कापल्यावर कडेला उभी राहणारी धातूची झालर, काढली तर कडा वेड्यावाकड्या होतात, कानस दोन मिनिटांत भरते, पॉलिश पेपर मारला की चकाकी ठिगळं लावल्यासारखी येते. आडव्या होलच्या आतली बर तर निघतच नाही. मग व्हायब्रेटरी टंबलर, म्हणजे खड्यांबरोबर जॉब थरथरवून कडा घासणारं यंत्र, घ्यावा का?

टंबलर आत्ता घेऊ नका. टंबलर वाईट यंत्र आहे असं नाही, पण तुमच्या चारही तक्रारींचं मूळ त्याच्या आधी आहे. मी बरीच वर्षं छोटे जॉब हाताने फिनिश करत आलो आहे आणि आजही नवा जॉब हातात आला की कानस उचलण्याआधी बर नीट बघतो. कटर कसा चालला, ते बर बघून लगेच कळतं.

बर तयार कशी होते ते आधी बघू. कटर धातू कापतो तसा ढकलतोही. जोवर पुढे भरीव धातू आहे तोवर ढकललेला भाग कापला जातो. कटर कडेपाशी पोचला की मागून आधार संपतो आणि शेवटचा पातळ थर कापला जाण्याऐवजी बाहेरच्या बाजूला वाकतो. तीच बर. म्हणून ड्रिल जिथून आत शिरतं तिथे बर नावापुरती असते आणि बाहेर पडतं तिथे मुकुटासारखी उभी राहते. धातू जितका मऊ आणि चिवट, तितका तो तुटायच्या ऐवजी वाकतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या जवळचं ११००, किंवा पत्र्यात येणारं ५०५२, यांची बर लोळासारखी येते. ७०७५ किंवा २०२४ त्या मानाने स्वच्छ तुटतात. ६०६१ टी६ (उष्णता देऊन कडक केलेल्या) अवस्थेत असेल तर मधल्या वर्गात बसतं आणि नीट कापलं जातं. हेच ६०६१ मऊ केलेल्या अवस्थेत असेल तर मात्र च्युइंगमसारखं वागतं. तेव्हा तुमची पट्टी टी६ आहे याची आधी खात्री करून घ्या.

आता एक ब्रॅकेट उजेडात धरा आणि बरेवरून नख फिरवा. वर्खासारखी पातळ असेल, नखाने हलत असेल, कुठेकुठे आपोआप गळून पडत असेल, तर कटर ठीक आहे. बुडाशी जाड असेल, नख अडत असेल, तर कटर बोथट झालाय किंवा त्याच्या धारेवर अ‍ॅल्युमिनियम चिकटून बसलंय. हे चिकटणं फार नेहमीचं आहे. भिंगातून धारेकडे पाहिलं की राखाडी, चमकता गोळा दिसतो. मग कापायचं काम त्या गोळ्याची बोथट कड करत असते, कटर नव्हे. जाड बर बहुतेक इथूनच येते. त्यावर इलाज असा: दोन किंवा तीन धारांचा, घासून चकचकीत केलेला, लेप नसलेला कटर वापरा. स्टीलसाठी येणाऱ्या कटरवरच्या काही लेपांतच अ‍ॅल्युमिनियम असतं आणि तिथे चिकटण्याचा त्रास वाढतो. शिवाय ब्रशने थेंबभर रॉकेल किंवा हलकं कटिंग तेल लावत राहा. रॉकेल पेट घेतं, म्हणून ठिणगी उडेल असं काहीही जवळ नको, आणि भिजलेली फडकी कोपऱ्यात साठवायची नाहीत.

दुसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. आरपार होल पाडताना खाली अ‍ॅल्युमिनियमचाच भंगार तुकडा किंवा टणक लाकूड घट्ट दाबून ठेवा. मागून आधार मिळाला की मुकुट उभाच राहत नाही. होल पाडून झाल्यावर त्या पृष्ठावर शेवटचा ०.२ मिमीचा हलका कट घ्या म्हणजे वर आलेली बर त्यातच जाते. आट्यांच्या होलसाठी क्रम ठरलेला आहे: ३.३ मिमीचं ड्रिल, मग काउंटरसिंक (होलच्या तोंडाला शंकूसारखा उतार देणारं हत्यार) साधारण ४.३ मिमीपर्यंत, मग टॅप (आटे पाडणारं हत्यार). बरेच जण टॅप आधी मारतात आणि पहिला आटा उभा राहिला की त्यावर काउंटरसिंक दाबतात. त्याने आट्याची सुरुवात दुमडते आणि स्क्रू लावताना अडखळतो. काउंटरसिंक आधी केला की टॅप आत शिरतानाच आटा खाली बसलेला राहतो आणि वरचं पृष्ठ सपाट राहतं.

बाहेरच्या कडांसाठी ९० अंशांचा चॅम्फर कटर (कड तिरकी कापणारा) घ्या आणि जॉब त्याच पकडीत असताना वरच्या सगळ्या कडांवरून ०.२ ते ०.३ मिमीचा चॅम्फर फिरवा. इथे एक बारकावा आहे. चॅम्फर कटरच्या टोकाला फिरण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो. टोकाने कापायला गेलात तर तो धातू चिरडतो आणि चॅम्फरलाच नवी बर येते. कटर थोडा खाली उतरवून धारेच्या मधल्या भागाने कापा. एवढं केलं तर चाळीस नगांच्या हातकामातलं निम्म्याहून जास्त काम मशीनवरच संपतं, आणि सगळे चॅम्फर एकसारखे येतात ते वेगळंच.

राहिलेल्या कडा हाताने करायच्या. त्यासाठी माझं पहिलं हत्यार कानस नाही, फिरत्या पात्याचं डीबरिंग टूल आहे. पेनासारखी मूठ आणि पुढे आकड्यासारखं वळलेलं, स्वतःभोवती मोकळं फिरणारं छोटं पातं. नोगा कंपनीच्या पात्यांमध्ये एस१० हे स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी असतं आणि एस२० हे पितळ आणि बीडासाठी. अ‍ॅल्युमिनियमवर एस१० घ्या. नवखे लोक ते दाबतात. दाबलं की पातं थरथरतं आणि कडेवर करवतीसारखी नक्षी उमटते. मी ते कसं चालवतो ते सांगतो. जॉब डाव्या हातात, कड माझ्याकडे. पातं कडेच्या मध्यावर टेकवतो, मूठ साधारण ४५ अंशांवर, आणि हाताचं वजनसुद्धा न टाकता एका टोकाकडे ओढतो. केसासारखा एक लांब, कुरळा धागा सुटतो. मग पुन्हा मध्यावर यायचं आणि दुसऱ्या टोकाकडे ओढायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढलं तर सुरुवातीच्या कोपऱ्यात पातं रुतून खड्डा पडतो. धागा सलग निघाला तर कड झाली, त्यावर दुसरा हात फिरवायचा नाही. धाग्याऐवजी भुसा पडायला लागला की पातं बदला.

जिथे हे पातं वळत नाही अशा आतल्या कोपऱ्यांना तीन धारांचा स्क्रेपर लागतो. झिजलेल्या त्रिकोणी कानशीचे दात तिन्ही बाजूंनी ग्राइंडरवर घासून काढले की उत्तम स्क्रेपर होतो. घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं, निळसर रंग चढू द्यायचा नाही, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं. हे घासकाम मात्र अ‍ॅल्युमिनियमची धूळ बसलेल्या जागेपासून लांब करा. कारण पुढे सांगतो.

आता कानस. कडा वेड्यावाकड्या का होतात? कारण ३५ मिमीचा जॉब व्हाइसमध्ये आणि १० इंची कानस हातात, असं उलटं गणित झालंय. एवढ्या लांब कानशीचा तोल एवढ्याशा कडेवर सांभाळता येत नाही. ती झोके घेते आणि कड मधे फुगीर, टोकांना उतरती होते. छोट्या जॉबला कानस स्थिर ठेवा आणि जॉब हलवा. ६ इंची, एकेरी दातांची, मध्यम-बारीक कानस व्हाइसमध्ये आडवी पकडा, किंवा टेबलावर रबराच्या तुकड्यावर ठेवा. जॉब दोन्ही हातांच्या बोटांत ४५ अंशांवर धरा आणि दातांच्या कापायच्या दिशेने एकदाच सरकवा. परत येताना उचला. माझ्या हाताला एका कडेला तीन वेळा पुरतं. तुमच्या हाताला किती लागतं ते एका भंगार तुकड्यावर ठरवा, आणि मग चाळीसही नगांना मोजून तेवढंच करा. डोळ्यांनी बघून थांबण्यापेक्षा मोजून थांबलं की कडा जास्त सारख्या येतात.

कानस भरते त्याचं कारण असं की अ‍ॅल्युमिनियमचा कीस दातांच्या खाचेत घट्ट चेपला जातो. असा चेपलेला एखादा दाणा दातापेक्षा वर आला की तो जॉबवर खोल ओरखडा काढतो. कधी कधी कुठून आला ते न कळणारा एकच लांब चरा दिसतो, तो याचाच असतो. कानशीवर आधी साधा खडू घासा. खाचा खडूने भरलेल्या असल्या की कीस चिकटत नाही, झटकला की पडतो. दर दहा-बारा घासांनंतर तारेच्या ब्रशने दातांच्या रेषेत साफ करा. तरी हट्टी दाणा राहिला तर पितळी पट्टीचं टोक दातांच्या रेषेत दाबून सरकवा. चार वेळा सरकवलं की पट्टीला तिथल्या दातांचा ठसा उमटतो आणि मग ती खाचेत बरोबर बसून दाणा बाहेर ढकलते.

ही कानस अ‍ॅल्युमिनियमसाठीच राखून ठेवा, मुठीला रंगाची खूण करा. स्टीलवर चाललेल्या कानशीतून लोखंडाचे सूक्ष्म कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात. सुरुवातीच्या काळात मी एका कंट्रोल पॅनेलच्या सगळ्या मुठी स्टील वूलने घासून सुंदर रेशमी केल्या होत्या. पावसाळा संपता संपता त्यांच्यावर पुळ्यांसारखे तपकिरी ठिपके आले. लोखंडाचे कण गंजले होते, आणि दमट हवेत दोन धातूंच्या जोडीमुळे त्या कणांभोवती अ‍ॅल्युमिनियमही खाल्लं गेलं होतं. सगळ्या मुठी पुन्हा कराव्या लागल्या. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमला स्टील वूल माझ्याकडे लागलेलं नाही. त्याचं काम नायलॉनची घासणी करते, स्कॉच-ब्राइटची मरून आणि त्याहून बारीक राखाडी.

आरपार होलच्या तोंडाची बर काढायला बरेच जण मोठं ड्रिल हातात धरून फिरवतात. पितळावर चालून जातं, अ‍ॅल्युमिनियमवर ड्रिलच्या दोन धारा रुततात आणि होलचं तोंड गोल न राहता त्रिकोणी दिसतं. एकाच धारेचा काउंटरसिंक, किंवा शंकूच्या अंगात तिरकं आरपार होल असलेला, हे दोन्ही थरथरत नाहीत. मुठीत बसवा आणि होलवर सरळ उभा धरून दोन फेरे द्या. मशीनवर लावायचा असेल तर सगळ्यांत कमी वेगावर. इथे उद्देश स्क्रूचं डोकं बसवायचा नाही. ०.२ मिमीची चकचकीत कडी दिसली की थांबायचं.

तुमचं आडवं होल हा या जॉबमधला खरा अवघड भाग आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. एक होल दुसऱ्याला छेदतं तिथे आतल्या भिंतीवर बर वाकून बसते. आडव्या होलमधून ड्रिल घातलं की ती मुख्य होलमध्ये ढकलली जाते. मुख्य होलमधून ड्रिल घातलं की ती परत आडव्यात वळते. दोन्हीकडून ढकलाढकली होते, तुटत काही नाही. तरीही हा खेळ थोडा खेळायचाच. दोन्ही ड्रिल हाताने, आळीपाळीने, दोन-तीनदा फिरवा. प्रत्येक वेळी वाकून बर बुडाशी थकते आणि बरीचशी तुटून पडते. उरते ती पातळ झालर. तिच्यासाठी एक साधं हत्यार करा. होलपेक्षा बारीक पितळी सळई घ्या, टोकाला करवतीने १५ मिमी लांब चीर पाडा, चिरेत ४०० नंबरच्या पेपरची पट्टी अडकवून सळईभोवती गुंडाळा. हळू फिरणाऱ्या हात-ड्रिलमध्ये ती लावून होलमध्ये पाच-सहा सेकंद मागेपुढे करा. पट्टी चिरेमुळे फडफडत राहते आणि छेदाच्या कडेला आपोआप जास्त लागते. ड्रिल उलट फिरवायचं असेल तर पट्टीही उलट गुंडाळा.

आत दिसत नाही, मग झालं की नाही कळणार कसं? कान साफ करायची कापसाची काडी होलमधून फिरवत बाहेर काढा. जिथे बर उरली असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात आणि ओढले जातात, हाताला लगेच कळतं. बाहेरच्या कडांसाठी बोट फिरवू नका, बोट कापतं आणि बारीक बर त्याला कळतही नाही. नख कडेला आडवं, पृष्ठाकडून बाहेर नेत फिरवा. दुसरी कसोटी उजेडाची. दिवा एका बाजूला ठेवून कड फिरवत बघा. साफ कडेवर प्रकाशाची एकच सलग, सारख्या जाडीची रेघ दिसते. बर असेल तिथे रेघ तुटते, चमचमते.

कडा झाल्या की पृष्ठ. ठिगळांचं कारण बोट आहे. बोटाखाली पेपर धरून घासलं की बोटाचा दाब जिथे पडतो तिथेच कापलं जातं, होलच्या तोंडाशी तर पेपर आत झुकून कड गोल करून टाकतो. जाड, सपाट काच घ्या. तिच्यावर पाण्यात चालणारा पेपर ठेवा, खाली पाण्याचे थेंब टाकले की तो चिकटून बसतो. वरून पाण्यात पातळ केलेला भांड्यांचा साबण. जॉब पेपरवर ठेवून दोन बोटांनी अगदी मधोमध धरा आणि सरळ रेषेत न्या-आणा. दर दहा वेळांनी जॉब अर्धा फिरवा, कारण हात पुढच्या टोकाला नेहमी जास्त दाब देतो.

मिलिंगचे माग बारीक असतील तर ३२० पासून सुरुवात पुरते, मग ४००, मग ६००. दर नंबरला दिशा ९० अंशांनी बदला. आधीच्या दिशेच्या रेषा पूर्ण गेल्या की मगच पुढचा नंबर. पी३२० चा दाणा सरासरी ४६ मायक्रॉनचा असतो आणि पी६०० चा २६ च्या आसपास. म्हणजे ६०० ने ३२० चे चरे काढायला गेलात तर हात दुखेल आणि चरे राहतील. हे चरे तेव्हा दिसतही नाहीत, पॉलिश झाल्यावर दिसतात. नंबर बदलताना जॉब, काच आणि हात, तिन्ही धुवा. ३२० चा एक चुकार दाणा ६०० च्या पेपरवर आला की पुन्हा मागे जावं लागतं. जाता जाता, या पेपरवर सहसा जो दाणा असतो तो सिलिकॉन कार्बाइडचा, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर हवेत आपोआप येणारा थर ऑक्साइडचा. तो थर काही नॅनोमीटरचा असतो, पण घासल्या घासल्या पुन्हा तयार होतो. म्हणूनच या धातूची चमक उघडी ठेवली तर हळूहळू मंदावते.

कडेची बर काचेवर न्यायच्या आधीच काढलेली हवी, नाहीतर ती पेपर फाडते आणि जॉब तिच्यावर तरंगतो. काचेवरचं काम झाल्यावर मात्र कडेला पुन्हा एक अतिसूक्ष्म पापुद्रा येतो. तो राखाडी नायलॉनच्या घासणीच्या एका हलक्या हाताने जातो. त्याच घासणीने शेवटी पृष्ठावर एकाच दिशेने सरळ, लांब हात मारले की रेघांचं एकसारखं रेशमी फिनिश मिळतं. ब्रॅकेटला मी हेच सुचवेन. आरशासारखी चमक हवीच असेल तर बफ (कापडाचं फिरतं चाक) लागेल, पण होल असलेल्या जॉबवर बफ होलच्या मागच्या कडेला धूमकेतूसारखी शेपटी ओढतो आणि तोंड लंबगोल दिसायला लागतं. शिवाय एवढा छोटा जॉब फिरता बफ हातातून कधीही हिसकावू शकतो. बफपाशी हातमोजे घालू नका, मोजा अडकला तर बोटही आत जातं.

टंबलरबद्दल. चाळीस नगांचे असे अनेक गट करायचे असतील, आणि मिलिंगमधून निघणारी बर वर्खासारखी पातळ झाली असेल, तेव्हा तो घ्या. जाड बर टंबलर काढत नाही. काढेपर्यंत जॉबच्या बाकीच्या कडा गोल होऊन जातात. अ‍ॅल्युमिनियमला रेझिनमध्ये घासणारी पूड मिसळून केलेले प्लास्टिकचे खडे लागतात. सिरॅमिकचे जड खडे मऊ धातूवर आपटून खळगे पाडतात. सगळ्या खड्यांचं मिळून आकारमान सगळ्या जॉबच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर जॉब एकमेकांवर आपटतात. खडा होलमध्ये अडकणार नाही असा निवडा, आट्यांच्या होलला नायलॉनचे स्क्रू लावून टाका. पाणी गढूळ झालं की बदला. त्या राखाडी गाळातच जॉब फिरत राहिले तर त्यांच्यावर काळपट थर चढतो आणि तो धुऊन जात नाही. पाण्यात घालायचा साबण अ‍ॅल्युमिनियमसाठीचा, आम्ल-अल्कली दोन्हीकडून सौम्य असा हवा. गोल फिरणाऱ्या बंद डब्याचा टंबलर असेल तर आणखी एक काळजी. अल्कली पाण्यात घासलं जाणारं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन सोडतं आणि बंद डब्यात दाब साठतो. डबा अधूनमधून थांबवून, ज्योतीपासून लांब, झाकण सैल करा.

आता ती धुळीची गोष्ट. बेंच ग्राइंडरच्या साध्या चाकावर अ‍ॅल्युमिनियम कधीही लावायचं नाही. मऊ धातू चाकाच्या छिद्रांत भरतो, चाक कापायचं थांबून घासायला लागतं, तापतं, आणि तडकून फुटू शकतं. दुसरा धोका त्याहून मोठा आहे. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. धूळ लोखंडाच्या गंजाबरोबर मिसळलेली असेल तर तेच मिश्रण रुळांच्या वेल्डिंगला वापरतात त्या थर्माइटचं असतं. चीनमधल्या कुनशानमध्ये २ ऑगस्ट २०१४ रोजी गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात अशाच धुळीचा स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसं गेली. घरात तेवढी धूळ साठत नाही हे खरं, पण स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच बेल्ट सँडरवर, एकाच व्हॅक्यूमच्या पिशवीत गोळा करणं मी कुणालाही करू देत नाही. काचेवर ओलं घासण्याचा हाही एक फायदा आहे, धूळ उडतच नाही. तो ओला गाळ घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करू नका. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्यातूनही हायड्रोजन निघू शकतो. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भुशावर पाणी टाकायचं नाही.

कॉस्टिक सोड्यात बुडवून बर विरघळवायची युक्ती कुणी सुचवेल. बर विरघळते तसा सगळा जॉबही विरघळतो, आटे सैल होतात, वर गरम सोड्याची वाफ डोळ्यांत. घरी हे नको.

पुढे अ‍ॅनोडाइझ (विजेने पृष्ठावर ऑक्साइडचा जाड थर चढवणं) करून घेणार असाल तर आजच दोन गोष्टी ठरवा. अ‍ॅनोडाइझचा थर पृष्ठाला काटकोनात वाढतो. धारदार कडेवर दोन बाजूंचे थर एकमेकांपासून फाकतात, मधे चीर राहते, आणि रंग तिथूनच उडतो. तेव्हा कडांना चॅम्फरवर घासणी फिरवून थोडी गोलाई द्या. दुसरं, अ‍ॅनोडाइझ ओरखडा झाकत नाही, रंगात तो आणखी उठून दिसतो.

शेवटी धुणं. आट्यांच्या होलमध्ये कीस आणि साबणाचा गाळ बसतो, तो मऊ ब्रशने आणि पाण्याच्या धारेने काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लगेच वाळवा. पाण्याचे थेंब तसेच वाळले तर डाग पडतात. बोटात धातूचं कुसळ गेलं तर लोहचुंबकाने ते निघत नाही, अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. भिंग, चांगला उजेड आणि टोकदार चिमटा हाताशी असू द्या.

तुमच्या हातात आत्ता असलेल्या चाळीस नगांसाठी एवढं करा. त्यातला एकच नग घ्या. मध्यावरून टोकाकडे पातं, मोजून कानस, दोन फेरे काउंटरसिंक, आडव्या होलला चिरेची सळई, कापसाची काडी, काच, घासणी. प्रत्येक टप्प्याला किती हात लागले ते कागदावर लिहा. तो नग मनासारखा झाला की त्याला दोरा बांधून समोर टांगा. मग उरलेल्या एकोणचाळीस नगांना एकेक टप्पा सलग करा. आधी सगळ्यांच्या कडा, मग सगळ्यांची होल, मग सगळ्यांची पृष्ठं. एक टप्पा संपला की चार नग उचलून टांगलेल्या नगाशेजारी उजेडात धरा. रेघ सारखी दिसली तरच पुढच्या टप्प्याला जा.